गजभिये मॅडमचा लाल पेन

आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमधे दोन गठ्ठे वाढत गेले. एक छापलेल्या कोडचा, दुसरा किश्श्यांचा. कोडचा गठ्ठा वाळवीनं केव्हाच खाल्ला. किस्से मात्र बाप्पा, अजून वाढूनच राहिले!

गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांची. सौंसरजवळच्या एका कारखान्यात एक मशीन, चार टर्मिनल अन् फ्रिजएवढी एक डिस्क. मी अन् पांढुर्ण्याचा ढोले, आम्ही दोघांनी त्या डिस्कचा ड्रायव्हर लिहिला होता. म्हणजे मशीनचं म्हणणं डिस्कपर्यंत पोचवणारा प्रोग्राम. चौघांनी एकदम लिहिलं तरी कोणाचं कोणात मिसळू नये, ही त्याची जबाबदारी. ते तपासायला नागपूरहून गजभिये मॅडम आल्या. त्यांची सही झाली तर मी पर्मनंट, नाही तर घरी! अन् बाबांनी अर्ध्या सौंसरात आधीच सांगून ठेवलेलं, "पोरगा पर्मनंट झाला." माझी तर झोपच उडाली होती.

* * *

पहिल्याच दिवशी ढोले बोलला, "मॅडम, चालून तर राहिलं. वाचता कायले?"

मॅडमनी ढोलेला एका टर्मिनलवर रजेचा अर्ज टाइप करायला बसवलं, मला दुसऱ्यावर कारखान्याच्या साहेबांचं पंधरा ऑगस्टचं भाषण. मग म्हणाल्या, "आता दोघं एकदमच सेव्ह करा."

प्रिंट निघाला: "माझ्या बहिणीच्या लग्नासाठी हजारो वीरांनी प्राण दिले, तरी तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती. जय हिंद!"

साहेबांनी न वाचता मंजूर केली.

* * *

मग मॅडमनी कुलूप शिकवलं. डिस्क वापरायची तर प्रोग्रामनं आधी कुलूप घ्यायचं, काम झालं की सोडायचं. सवय लागावी म्हणून टेबलावर एक लाकडी पट्टी ठेवली. ज्याच्या हाती पट्टी, त्यानंच कोडला हात लावायचा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ढोलेचं पोट बिघडलं. तो पट्टीसकट पळाला, थेट पांढुर्ण्याला! तीन दिवस मी माशा मारत बसलो.

तो आल्यावर मॅडमनी त्याच्याच कोडचं पान उघडलं. "डिस्कनं एरर दिली की तुमचा प्रोग्राम कुलूप न सोडताच पळतो. जसे तुम्ही, तसा तुमचा कोड!"

* * *

एकदा छापलेला कोड माझ्याजवळ, मॅडमचा लाल पेन ढोलेजवळ. मला पेन पाहिजे, त्याला कागद.

"पहिले तू दे."

"काहून? पहिले तू दे!"

कागद छातीशी धरून मी बसलो, पेन मुठीत आवळून तो. चहा गार झाला, त्यावर साय आली. साहेब दारातून डोकावले, पाय न वाजवता परत गेले अन् बाहेर कोणाला तरी म्हणाले, "आवाज करू नका रे, पोरं कामात बुडून राहिली!"

* * *

एका ठिकाणी मी कोडमधेच लिहून ठेवलं होतं: "इथं काही गडबड होत नाही."

मॅडमनी खाली लाल पेननं विचारलं: "पहाऱ्यावर कोण होतं?"

* * *

गडबड नेमकी तिथंच होती. कुलूप घेताना पहिल्या ओळीत पाहायचं, डिस्क रिकामी आहे काय. दुसऱ्या ओळीत खूण करायची, आता ही माझी. मॅडमचं म्हणणं, या दोन ओळींच्या मधे दुसरा प्रोग्राम घुसेल.

"पापणी लवत नाही एवढ्यात कोण घुसते जी?" मी अडून बसलो.

शनिवारी दुपारी मॅडम परत निघाल्या. सही नाहीच! त्यांची बॅग उचलून बस स्टँडपर्यंत मी मागं मागं. जीव टांगणीला, पण तोंडात तेच, "कोणी घुसत नाही जी, मॅडम!"

"बरं," त्या म्हणाल्या, "नागपूरची बस आली. माझ्यासाठी सीट तर पकडा."

मी धावलो. खिडकीतून पाहिलं, सीट रिकामी! खिशातून रुमाल काढला, मागं वळून ओरडलो, "मिळाली मॅडम!" अन् रुमाल आत टाकला.

तो पडला एका काकाजींच्या मांडीवर. मी वळलो तेवढ्यात ते येऊन बसलेही होते, संत्र्याची टोपली पायाशी घेऊन. त्यांनी माझ्या रुमालानं सावकाश तोंड पुसलं, खिडकीतून परत दिला अन् म्हणाले, "भाऊ, नुसतं पाहून काय होते? बसा लागते!"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी लाल पेन अन् कोडचं ते पान पुढं केलं. बसच्या पत्र्यावर कागद टेकवून मी दोन्ही ओळी खोडल्या अन् पाहणं-खूण करणं एकत्र केलं, मधे कोणाला येऊच द्यायचं नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मॅडमनी पायरीवर उभ्या उभ्या सही ठोकली, खाली एक ओळ खरडली, कागद माझ्या हातात कोंबला अन् नागपूरपर्यंत उभ्यानंच गेल्या.

माझ्या पर्मनंटच्या ऑर्डरला तो कागद अजून टाचलेला आहे. सहीखाली तपासणीचा शेरा, लाल पेननं:

"नुसतं पाहून काय होते? बसा लागते!"