मुका डाव

आमच्या शेडमध्ये क्रेन चालवणारा एकच होता. त्याला सगळे 'वरचा' म्हणत. जमिनीपासून चाळीस फुटांवर, लोखंडी केबिनमध्ये तो बसायचा. माल उशिरा हलला की "वरच्याची मर्जी" म्हणायचं, ही आमची जुनी थट्टा. मी त्याच्या खाली. मालाला साखळ्या अडकवायच्या आणि हाताने खुणा करायच्या: उचल, थांब, डावीकडे, सोड. एकोणीस वर्षं तो माझ्या हाताकडे बघत आला. एवढं तर बायकोनेही माझ्याकडे पाहिलं नसेल.

कामात तो चोख. एखाद्या यंत्राचं चार टनांचं बिडाचं कवच खडूच्या रेषेवर ठेवायचा. रेषेच्या जवळ नाही, रेषेवर.

अर्ध्या तासाच्या सुट्टीत तो बुद्धिबळ खेळायचा. पट त्यानेच जाड पत्र्यावर आखलेला. मोहरे भंगारातले: प्याद्यांना नट, हत्तीला बोल्ट, राजाला जुना व्हॉल्व्ह. पण साधा खेळ त्याला पुरत नसे. "जन्मभर अडीच घरं चालून घोडा कंटाळत नसेल का?" म्हणायचा. म्हणून त्याने नवे मोहरे काढले. एक 'फोरमन'. तो कुणाला मारत नाही, नुसता फिरतो, पण शेजारच्या घरात आला की तिथल्या मोहऱ्याला पुढच्या खेळीत हलावंच लागतं. दुसरा 'जावई'. तो कोणत्याही रिकाम्या घरात जाऊन बसतो, त्याला मारता येत नाही आणि तीन खेळ्या होईपर्यंत उठत नाही.

"तीन फार झाल्या," आमच्यात खेळणारा फिटर म्हणाला.

"माझा महिनाभर बसला होता. मी कमीच केल्यात."

हसायला ठीक आहे, पण नियमामागे कष्ट होते. नवा नियम तो दहा डाव खेळून पारखायचा. एका बाजूला फायदा झाला की नियम बाद. पाच वर्षांत त्याने तेवीस नियम काढले आणि सहा ठेवले. उरलेल्या सतरांबद्दल कधी हळहळला नाही.

शेवटच्या दीड वर्षात नियमांची जात बदलली. आधी त्याने काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर कानशीने खाचा पाडल्या. शोभेला, म्हणाला. मग पटावरच्या रेषा छिन्नीने खोल केल्या. मग हात लावला तर तोच मोहरा खेळायचा, हा जुना नियम काढला. हवं तेवढं चाचपायची मुभा. शेवटी प्रत्येकाने आपली खेळी मोठ्याने सांगायची, असं ठरवलं.

"बुद्धिबळ आहे का लिलाव?" फिटर म्हणाला. पण खेळला. आम्ही सगळेच खेळलो. या चार नियमांपैकी एकही त्याने दहा डाव पारखला नव्हता. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच सुमारास तो मला म्हणाला, "उद्यापासून शिट्टी वाजवत जा. एक उचल, दोन सोड, लांब वाजली की थांब. गोंगाटात तुझा हात दिसत नाही."

मी शिट्टी आणली. गोंगाटाने कान भरतात, डोळे नाहीत, एवढा साधा विचार मी केला नाही.

मग एका मंगळवारी कवच खाली येत होतं. फिटर खालची पाचर सरळ करत होता. मी लांब शिट्टी वाजवली. तेवढ्यात शेजारी घणाचे घाव सुरू झाले आणि शिट्टी त्यात बुडाली. मी हात वर केला. त्याच्या समोर, उजेडात, पूर्ण वर. कवच थांबलं नाही. फिटरने हात ओढला. हातमोजा खाली राहिला, हात बाहेर आला.

"शिट्टी ऐकू आली नाही," वरचा खाली येऊन म्हणाला. ते खरं होतं. सगळ्यांना पटलं. फिटरने मला शिट्टी बदल म्हणून सांगितलं.

रात्रभर मी ते चार नियम एकापुढे एक ठेवून पाहिले. फोरमनला सांगणं सोपं होतं. पण मी सांगितलं तर तो नाही म्हणणार, आणि माझ्या शब्दाविरुद्ध त्याची एकोणीस वर्षं उभी राहणार. न सांगावं, तर पुढच्या वेळी हातमोज्यात हात असणार.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी म्हटलं, "आज माझा नियम. मुका डाव. बोलायचं नाही, आणि चालायच्या मोहऱ्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

त्याने चहाचा ग्लास बाजूला सरकवला. "मांड," म्हणाला.

पहिल्या चार खेळ्या त्याने पाठ असल्यासारख्या केल्या. मग मी उंट हलवला आणि काही बोललो नाही. तो पटाकडे बघत राहिला. चहा निवला. शेवटी त्याने हत्ती उचलला, सरळ पुढे नेला आणि आपलाच घोडा मारला.

फिटर हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग उठून हात धुवायला गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा डोळा दोन वर्षं. उजवा थंडीपासून."

"वहिनींना माहीत आहे?"

"ताट वाढलं की कुठे काय आहे ते सांगते. तिला वाटतं मी लाडात आलोय."

"दुपारी काय उचलायचंय?"

"नऊ टन."

"कुणाच्या डोक्यावरून?"

तो मारलेला घोडा हातात घेऊन अंगठ्याने चाचपत होता. "तू सांगणार?"

"तू सांगशील. अजून अकरा मिनिटं आहेत."

तो उठला. मी हात धरला नाही, त्यालाही चाललं नसतं. त्या शेडमधली प्रत्येक पायरी त्याच्या पायांना ठाऊक होती. फोरमनच्या खोलीचं दार त्याने एकदाच वाजवलं. दुपारी क्रेन बंद राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय ते लिहून दिलं. निवृत्तीपर्यंत त्याला अवजारांच्या कोठीत बसवलं.

आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. कोठीच्या खिडकीत मी मागितलं ते द्यायचा. ड्रिलची मापं बोटाने ओळखायचा, चुकायचा नाही. लोकांना कौतुक वाटे. मला वाटत नसे. दीड वर्ष त्याने धड न दिसता माल उचलला, त्यालाही कष्टच लागले होते, आणि ते कष्ट चुकीच्या जागी गेले होते.

एकदा मी साखळी बदलायला गेलो. तो आपणहून म्हणाला, "तुझा नियम खोटा होता."

"दोघांना सारखाच होता."

"एकदाही पारखला नव्हतास."

"तुझे शेवटचे चार पारखले होतेस?"

तो वळला. मग आत जाऊन साखळी घेऊन आला आणि कडी कडी बोटांतून सोडत खिडकीवर ठेवली. अकराव्या कडीशी थांबला. "ही नेऊ नकोस. चीर आहे."

मी उजेडात धरून पाहिलं. काही दिसलं नाही. मग बोट फिरवलं. केसाएवढी होती.

"दुसरी देतो," तो म्हणाला, "पण ती तू तपास. हळू. मी थांबतो."

मी प्रत्येक कडी तपासली. वीस मिनिटं लागली. तो थांबला.