गेटपासून पाचवीच्या वर्गापर्यंत

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक फोटो लावला आहे. माझ्या वर्गातली मुलगी दोरी धरून उभी आहे, तिच्या शेजारी पाहुणे आणि पाहुण्यांच्या शेजारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. फोटोखाली इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या राहिल्या आहेत. त्या मी लिहायच्या, असं सगळ्यांनी ठरवलंय, कारण इंग्रजी माध्यमातून शिकून आलेली शाळेत मी एकटीच.

मी त्या लिहिणार नाही.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आहे. मुलं घरी तेलुगू बोलतात, मैदानावर मराठी आणि विज्ञानाच्या तासाला घाबरत घाबरत इंग्रजी. मी इथे पाचवीला शिकवते. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ बसते, फारसं बोलत नाही. "कॉन्व्हेंटच्या मॅडम आहेत बाबा, आपल्याशी काय बोलणार," असं चित्रकलेचे सर माझ्यासमोरच म्हणतात आणि मी हसते. मला उत्तर सुचतं, पण दुसऱ्या दिवशी.

त्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. त्यामुळे ती मुलगी वर्गात कशी येते, हे मला नीट माहीत होतं.

तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आई तिला सकाळी गेटवर सोडायची आणि टॉवेलच्या कारखान्यात शिलाईच्या कामाला पळायची. पुढे ती एकटी. आधी मऊ माती. मग करंजाची सावली, ती तिला कपाळावर कळायची. सावलीत वाळक्या शेंगा पडलेल्या असायच्या, त्या पायाखाली मोडल्या की ती चाल हळू करायची. मग जमिनीतून वर आलेलं मूळ. त्याला चपलेची कड लावून ती डावीकडे वळायची. तिथून पाण्याच्या टाकीचा गळका नळ ऐकू यायचा आणि टाकीपासून तिसरं दार आमचं. जूनपासून ती एकदाही पडली नाही. एकदा तर खोडाला पाठ टेकून तिने सुटलेली रिबीन बांधली आणि पुन्हा निघाली. शाळेत माझ्यापेक्षा जास्त ऐटीत तीच चालायची.

मग शहरातल्या शाळांसाठी एक योजना आली. हिरवी आणि सर्वांना सामावून घेणारी शाळा. फॉर्म इंग्रजीत होता. मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"तुमचं इंग्लिश फर्स्ट क्लास आहे. आपल्याकडे ती मुलगी आहे ना, तिच्यावर लिहा काहीतरी. वजन पडतं."

परिसरातले अडथळे कोणते, असा एक रकाना होता. मी लिहिलं, की जुन्या झाडाची वर आलेली मुळं दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी धोक्याची आहेत आणि तिला समतल, अडथळाविरहित वाट हवी. वाक्य छान झालं होतं. मी ते दोनदा वाचलं. तिला विचारलं नाही. खिडकीतून रोज बघत होते, तरी लिहिलं. ज्या भाषेत ते लिहिलं, त्या भाषेत अशी वाक्यं मला शाळेपासून तयारच मिळत आली आहेत. हात आपोआप चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत करंज तोडला. माझा कागद फाइलला जोडून परवानगी काढली होती. मैदानभर पेव्हर ब्लॉक बसवले, भिंतीवर प्लॅस्टिकचं गवत चिकटवलं आणि कडेने कुंड्या मांडल्या. आमच्याकडे नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं. मुलं घरून बाटल्या भरून आणतात. आणि शाळेच्या टाकीतलं प्यायचं पाणी त्या कुंड्यांना जायला लागलं, कारण योजनेचे पाहुणे शाळा बघायला येईपर्यंत त्या हिरव्या राहायला हव्या होत्या. विज्ञानाच्या तासाला मी पाणी वाचवण्याचा धडा शिकवत होते. एकीने विचारलं, "टीचर, कुंडीला बिसलेरी आणि आम्हाला धडा?" वर्ग हसला. मी तिला गप्प बस म्हणाले.

शाळा उघडली त्या दिवशी ती गेटच्या आत येऊन थांबली. चार पावलं गेली, परत मागे आली. मी खाली गेले.

"टीचर, इथलं सगळं एकसारखं केलंय," ती म्हणाली.

तक्रार नव्हती. मला माहिती देत होती.

टाकीचा नळसुद्धा दुरुस्त केला होता. ती सातवीच्या वर्गात शिरली, मुलांनी बाक वाजवले. दुसऱ्या दिवशी कुंडीवर आपटून गुडघा फोडून घेतला. मग आई तिला वर्गापर्यंत सोडायला लागली, त्यात कामाची वेळ चुकायला लागली. एकदा आई मोठ्या बाईंसमोर उभी होती तेव्हा मीही तिथे होते.

"अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात की," मोठ्या बाई म्हणाल्या. "हॉस्टेल पण असतं. तुम्हालाही मोकळीक."

"मोकळीक नको बाई," आई म्हणाली. "पोरगी घरात पाहिजे. हितं एकटी येत होती की ती. झाड का तोडलं तुमी?"

"तिच्यासाठीच तोडलं."

आईने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मोठ्या बाईंनी सांगितलं, परीक्षेपर्यंत बघू, नाहीतर दाखला घेऊन जा.

उपाय माझ्या डोक्यातून निघाला नाही. मी वर्गात तिला फक्त विचारलं, आणि हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारत होते, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "हाताला काहीतरी लागायला पाहिजे." मागच्या बाकावरच्या मुलींनी एकमेकींशी तेलुगूत काहीतरी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात टॉवेल कापताना उरणारं सूत पिशव्या भरून आणलं. एकीने टोक धरायचं, दुसरीने काडी घालून पीळ द्यायचा, तिसरीने दोन पदर एकत्र वळायचे. मला जमेना. "टीचर, सैल सोडू नका हो, सगळा पीळ उलगडतोय." आठवडाभरात गेटपासून भिंतीच्या कडेने व्हरांड्याच्या खांबांपर्यंत दोरी बांधून झाली. गाठी तिने स्वतः मारल्या. टाकीपाशी एक, आमच्या दारापाशी दोन. लांबचा रस्ता होता, पण ती पुन्हा एकटी यायला लागली.

पाहुणे येणार त्या सकाळी मोठ्या बाईंनी दोरी पाहिली.

"हे काय, धुणं वाळत घालायचंय का? मामा, काढा ते."

"मॅडम, तिला लागते," मी म्हणाले. आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"एक दिवस कोणीतरी हात धरून आणेल."

शिपाईमामांनी कोयत्याने गेटपासून टाकीपर्यंतची दोरी तोडली आणि टाकीमागे टाकली. "गाठी लई घट्ट मारल्यात पोरींनी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "मला सांगितलं तेवढं करतुया बाई." मीही तेच करत आले होते. मी गेटवर पाहुण्यांच्या स्वागताची फाइल घेऊन उभी राहिले.

ती आली. सवयीने गेटच्या लोखंडी नळीवर, दोरी बांधलेली असायची तिथे, हात ठेवला, तो पुढे सरकवला आणि हात हवेत राहिला. मागे पाहुण्यांची गाडी हॉर्न देत होती. कोणत्या बाजूला सरकायचं ते तिला कळेना.

"तिला बाजूला घ्या," मोठ्या बाई मला म्हणाल्या.

मी जवळ गेले.

"टीचर, दोरी?"

"काढली."

"कोणी?"

"मी काढू दिली."

 तिने हात खाली घेतला नाही.  मी फाइल जमिनीवर ठेवली, टाकीमागून दोरी ओढून आणली आणि गेटला बांधायला लागले. मोठ्या बाईंनी दोनदा हाक मारली. मी गाठ मारत राहिले. गाडी थांबून होती. मुली वर्गातून धावत आल्या, त्यांनी दुसरं टोक टाकीकडे नेलं.

पाहुणे खाली उतरले. "हे काय चाललंय?"

आणि मोठ्या बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "आमचा उपक्रम आहे सर. टाकाऊ सुतापासून वाट. पर्यावरण आणि समावेशन, दोन्ही."

पाहुण्यांनी वा वा केलं. तिच्या हातात दोरी दिली, मान वर करायला लावली आणि फोटो काढला. शाळा निवडली गेली. दोरी आता कोणी काढणार नाही, कारण ती फोटोत आहे. दाखल्याचा विषय निघत नाही. हे चांगलं झालं, असं मला सगळे सांगतात, आणि मला तेच सहन होत नाही.

फोटोखालच्या ओळींसाठी दिलेल्या कागदावर मी मराठीत लिहिलं: इथे करंज होता. ही मुलगी त्याच्या आधाराने एकटी चालायची. तिला न विचारता, मी लिहून दिलेल्या शब्दावर तो तोडला. खाली सही केली.

मोठ्या बाईंनी कागद परत दिला. "इंग्लिशमध्ये लिहा. आणि जरा पॉझिटिव्ह."

त्या रोज विचारतात, झालं का. मी सांगते, झालंय, आणि तोच कागद पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवते.