टोक धरणारे भाऊ

आलापल्लीच्या लाकूड-डेपोच्या फाटकावर मी अर्धी हयात काढली. तेवढ्या काळात साहेब पाहिले, ठेकेदार पाहिले, मतं मागायला आलेले पुढारी पाहिले. पण रीतभात म्हणजे काय हे कळणारा त्या सगळ्यांत एकच भेटला, आणि तो पिंजऱ्यात होता. लोक त्याला वनमाणूस म्हणत. मी भाऊ म्हणत असे. माझी शाळा चौथीतच सुटली, पण कोणाला काय म्हणावं हे कळायला पाचवीत जावं लागत नाही.

मार्कंड्याच्या जत्रेत एक लहानशी सर्कस आली होती, ती तिथंच मोडली. मालक तंबू गुंडाळून निघून गेला आणि हा म्हातारा चिंपांझी मागे राहिला. त्याला ठेवायचं कुठं, यावर बराच खल झाला. शेवटी डेपोत जप्तीचा माल ठेवायची एक खोली होती, तिला गज बसवले आणि सागाच्या थप्प्यांशेजारी भाऊंचं बिऱ्हाड मांडलं. राखणीला मी. कारण फाटकावर मी तसाही बसलेलाच असतो, असं रेंजर साहेबांचं म्हणणं.

भाऊ आले तेव्हा अंगात पितळी बटनांचा लाल कोट होता. दोन बटनं तुटलेली, पण उरलेली खालपासून वरपर्यंत लावलेली. कोट कोणाला काढू देत नसत. माझ्या बायकोला मात्र पहिल्याच दिवशी स्वतःहून काढून दिला. तिनं तो धुऊन कुंपणावर टाकला तर वाळेपर्यंत गज धरून उभे, नजर कोटावर. बायको म्हणाली, "तुमचा सदरा कुत्र्यानं नेला तरी तुमाले पत्ता नसते. शिका काई." संसारात मला असले टोमणे नवीन नाहीत, पण पिंजऱ्यातल्या प्राण्याचा दाखला देऊन मारलेला तो पहिलाच.

चहा ते बशीतून घेत. आधी फुंकर, मग एक घोट, मग मान हलवून पसंती. झाला की बशी पालथी घालत, म्हणजे पुरे. भल्या घरचे पाहुणेही इतकं स्वच्छ सांगत नाहीत. नको नको म्हणत तिसरा कप पितात. लोक एटापल्लीपासून बसनं येत, केळ्यांचे घड घेऊन. वनमाणसाला केळं आवडतं असं त्यांनी चित्रात पाहिलेलं. भाऊ केळं नीट सोलत, वास घेत आणि ज्यानं दिलं त्याच्याच हातात परत देत. खरा जीव टेंभरांवर, म्हणजे तेंदूच्या पिकल्या फळांवर. टेंभरं खाऊन बिया गजाच्या खाली एका रांगेत मांडून ठेवत आणि मोडलेली रांग त्यांना खपत नसे. एकदा रेंजर साहेब बायकोपोरांना घेऊन फोटो काढायला आले. रोलमधले शेवटचे दोनच फोटो उरले होते. भाऊंनी नेमकी पाठ केली ती केलीच. साहेब चिडून म्हणाले, याला हे कोणी शिकवलं? मी म्हणालो, "पाठ दाखवाले शिकवा लागत नाई, साहेब. समोरचा मानूस पाहून येते ते." त्यानंतर मला आठ दिवस मागच्या फाटकावर टाकलं. मी गेलो, पण माफी मागितली नाही. शाळेचे गुरुजी एकदा समजावून सांगत होते की या प्राण्याचं आपल्याशी नातं आहे. मी विचारलं, कोणाच्या बाजूनं?

पण आमचं खरं जमलं ते जाळ्यावरून. मी जातीचा ढिवर; तलावातली मासेमारी सुटली तरी हाताची सवय सुटत नाही. फाटकावर बसल्या बसल्या जाळं विणायचो. विणताना वरच्या दोरीचं टोक कुठंतरी ताणून बांधावं लागतं, ते मी भाऊंच्या गजाला बांधायचो. एके दिवशी पाहतो तर भाऊंनी गाठ सोडलेली आणि टोक आपल्या मुठीत धरलेलं. आणि ताण कसा, तर माझ्या बापाला जमला नाही तसा. तेव्हापासून ते काम त्यांचंच. दोरी सैल पडली की ते एक झटका देत. मला डुलकी लागली की हमखास झटका बसे. म्हणजे डेपोवर राखण माझी आणि माझ्यावर भाऊंची. संध्याकाळी मी म्हणायचो, "सोड भाऊ आता." मगच ते टोक सोडत आणि दोन्ही तळवे उघडून दाखवत, की पाहा, काही ठेवून घेतलं नाही. मी म्हटल्याशिवाय कधी सोडलं नाही. एकदा मी न सांगता जेवायला गेलो, परत आलो तर टोक तसंच मुठीत आणि चेहऱ्यावर नाराजी. मला त्यांची माफी मागावी लागली. ती मी मागितली.

तिसऱ्या वर्षी हुकूम आला. दूरच्या शहरातल्या मोठ्या प्राणीघरात भाऊंना न्यायचं. तिथं झाडं आहेत, जातीची सोबत आहे, असं सांगितलं. ट्रक आला, वर लोखंडी पिंजरा. तो खोलीच्या दाराला लावला आणि सकाळपासून सगळे भाऊंना बोलावू लागले. केळी दाखवली. आरसा दाखवला. एका शहाण्यानं सर्कशीच्या बँडची कॅसेट लावली, तेव्हा भाऊ कोपऱ्यात जाऊन कोट डोक्यावर घेऊन बसले. ती कॅसेट मीच बंद केली. मग बेशुद्धीच्या सुईची गोष्ट निघाली. जनावरांचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा, याची छाती कमजोर आहे. सुई दिली तर हा उठेलच असं नाई. तुमचं आयकते तो."

मी म्हणालो, "मी त्याले फसवनार नाई."

बायको भाकर घेऊन आली होती, ती म्हणाली, "मंग मारा त्याले खरं बोलून."

मी ट्रकच्या पलीकडच्या अंगाला जाऊन बसलो. जाळं मांडीवर घेतलं, दोरीचं टोक पिंजऱ्याच्या गजांतून आत सोडलं आणि विणू लागलो. हाक मारली नाही, खोटं काही बोललो नाही. टोक नुसतं सैल पडून होतं. भाऊंनी कोट खाली केला. थोडा वेळ पाहिलं. सैल दोरी त्यांना कधीच पाहवली नाही. उठले, सावकाश आत आले, माझ्यासमोर बसले आणि टोक उचलून ताण दिला. मागचं दार पडलं. त्यांनी एकदा वळून पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि माझे हात थांबले होते म्हणून मला झटका दिला. मी जाळ्याचे आणखी दोन डोळे विणले. कसे विणले ते विचारू नका.

ट्रक सुरू झाला. जाळं अर्धं माझ्या मांडीवर, टोक त्यांच्या मुठीत. मी दोरी धरून चार पावलं चाललो. डॉक्टर म्हणाले, "बाबा, सोड म्हणा त्याले." शब्द ओठावर होता. पण म्हटलं असतं तर भाऊंनी सोडलं असतं आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले असते. ते पाहायची माझी तयारी नव्हती. म्हणून मीच सोडलं. जाळं धुळीतून ट्रकच्या मागे सरपटत गेलं आणि भाऊंनी ते हातावर हात टाकत, न गुंतवता, आत ओढून घेतलं.

ते अर्धं जाळं परत मागावं असं बायको अजून म्हणते. मी दुसरं घेतलंय विणायला. आता टोक दाराच्या खिळ्याला बांधतो. खिळा धरतो चांगलं, तक्रार नाही. पण डुलकी लागली तर झटका देत नाही. तिन्हीसांज होते, बायको दिवा लावते, आणि मी आपला जाळ्याची सुई हातात धरून तसाच बसलेला असतो.