शांताने विचारलेला प्रश्न

निखिल, ईशा, माझ्या नातवंडांनो, तुमची आत्याआजी जाऊन सव्वा महिना झाला. शेवटच्या भेटीत, परभणीच्या दवाखान्यात, तिने मला विचारलं होतं, "वहिनी, पोरानं काय उत्तर दिलं?" मी म्हणाले, "अजून फोन आला नाही." ते खोटं होतं… म्हणून हे लिहिते आहे.

शांता माझी नणंद. दहावी झालेली. नवरा गेल्यावर त्याच्या जागी जिंतूरजवळच्या वीज उपकेंद्रात लागली, ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली आणि मग आमच्याकडेच राहिली. मी इंग्रजी घेऊन एम. ए.; घरातले कागद वाचायचा मान माझा. निखिल, तू तिकडे सुपरकंडक्टरवर संशोधन करू लागलास आणि तो मान गेला. फोनवर माझ्याशी "जेवलीस का?" एवढंच, आणि लगेच, "आत्याआजीला दे ना." मग तासभर दोघांचं हसणं. मी मेथी निवडत ऐकायची आणि देठांबरोबर चांगली पानंही टाकून द्यायची.

सुपरकंडक्टरच्या पट्टीवरचा तू पाठवलेला इंग्रजी लेख तिला मीच वाचून दाखवला. शब्दाशब्दाचा अर्थ मी सांगितला, आणि लेख कळला तिला! "सोपं हाय, वहिनी. तारा एकमेकींना चिकटल्या की करंट लय उसळतो, ब्रेकर पडूपर्यंत ट्रान्सफॉर्मरचं कंबरडं मोडतं. ही पट्टी पातळ केलेल्या नायट्रोजनमधी गार ठेवली की करंटला अडवतच न्हाई. पन करंट उसळला की पट्टी तापती, आन् तीच आडवी येती." मग माझ्याकडे बघून, "तुमच्यावानी. गार हाय तवर बरी!" मी हसले नाही.

"पन एकदा तापल्यावर परत गार व्हायला येळ लागत आसंल की," ती पुढे म्हणाली. "इकडं लाइन पडली की फोनवर फोन, 'म्याडम, सोडा की लाइन.' आमी लगेच ब्रेकर परत टाकून बघायचो. तवर पट्टी गार झालीच न्हाई तर? पोराला इचारा."

चारच दिवसांत तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तुझा फोन आला तेव्हा मी घरी एकटी होते. प्रश्न विचारला… तिचं नाव न घेता. तू ओरडलास, "आजी! अगं, वेळ लागतो, आणि किती लागतो तेच तर आम्ही सध्या मोजतोय. तुला कसं सुचलं?" चाळीस मिनिटं बोललास माझ्याशी, पहिल्यांदाच. ती मिनिटं मला हवी होती, रे. शांताला उत्तर सांगितलं असतं, तर तुमचं बोलणं पुन्हा सुरू झालं असतं. मी सांगितलं नाही. ती तशीच गेली.

परवा तुझ्या प्रबंधाचं पहिलं पान आलं. 'नेमका प्रश्न विचारणाऱ्या आजीला.' तिथे आत्याआजीचं नाव घाल, पूर्ण नाव. ते छापलेलं बघताना माझा जीव जळेल, हेही लिहून ठेवते.

काल भर दुपारी घरचा मेनस्विच पडला. मी हात वर नेला आणि थांबले. शांता कधी लगेच खटका चढवू द्यायची नाही. आधी घरभर फिरून कुठे काही जळलंय का, ते हुंगायची. मीही खोल्याखोल्यांतून फिरले. तिच्या खोलीत काहीच जळालं नव्हतं, तरी बराच वेळ उभी राहिले. "वेळ लागतो गं," म्हणाले, आणि मग खटका वर केला.