केळीच्या चेंबरमधले ड्रम

आधीच सांगतो, कोणी भूतबाधा-करणीच्या गोष्टी घेऊन आलं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो. आजही लावतो. पण जळगावजवळ असोद्याला माझ्याच शेडमध्ये, भरदुपारी जे घडलं ते मला कुठे बसवताच येत नाही... म्हणून इथे लिहितोय.

माझा केळी पिकवायचा धंदा आहे. चेंबर म्हणजे जाड पॅनेलची, हवाबंद दाराची खोली. एखादं रिकामं असलं की आमचा हेवी मेटल बँड त्यात सराव करतो — बाहेर चिटपाखरालाही ऐकू जात नाही. मी बास, पल्लवी गिटार, धुळ्याचा सचिन गातो आणि भूषण ड्रमवर. भूषणची एकच खोड, गाणं पळवतो. हळू वाजवणं त्याच्या रक्तात नाही.

सरावाआधी आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो, जुन्या वळणाचा. कागद, पेन्सिल, फासे. मी गेम मास्टर — भुयार माझं, राक्षस माझे. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्यात उतरायचं. मेलेलं पात्र परत येत नाही. माझ्याकडे रडारड चालत नाही!

त्या रविवारी भूषण अजून यायचा होता, आम्ही तिघं शेडमध्ये खेळायला बसलो होतो. सचिनचा चोर भुयारातल्या एका दाराला कान लावणार होता. सचिन पडला नाटकी. उठला आणि खरोखरच मागच्या चेंबरच्या दाराला कान लावून उभा राहिला. मी फासा टाकला आणि जाहीर केलं, "काही ऐकू येत नाही."

"येस ना, भाऊ," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "ड्रम वाजी ऱ्हायना. भूषण शे."

ड्रम वाजतायत आणि वाजवणारा भूषणच, असं त्याचं म्हणणं. पल्लवी हसली. मी वैतागलो. आदल्याच दिवशी त्या चेंबरमध्ये कच्च्या केळीचा माल भरला होता आणि ड्रम मी स्वतः जळगावला घरी नेऊन ठेवले होते. मी कान लावला — शांत. पल्लवीने लावला — शांत.

"दार उघाडा, भाऊ!" सचिनचा चेहरा उतरला होता. "धीमं पडी ऱ्हायनं... भूषणनी कधी धीमं वाजाडं का?"

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी दार उघडलं.

भूषण क्रेटच्या रांगेत पडला होता. ओठ निळे.

मी आणि सचिनने त्याला उचलून गाडीत घातलं, दवाखान्यापर्यंत गाडी पल्लवीने चालवली. पिकणारी केळी खोलीतला ऑक्सिजन खातात. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पोरगा हाती लागला नसता.

आमचा सराव चालायचा ते चेंबर आता भरलंय हे भूषणला ठाऊक नव्हतं. आम्ही खेळात रंगलेलो, तो कानात हेडफोन घालून मागून सरळ आत गेला, दार लागलं, अंधारात आतला खटका सापडला नाही. डोकं गरगरलं आणि खाली बसला. तुम्ही म्हणाल, क्रेट बडवले असतील. मग मला आणि पल्लवीला का ऐकू आलं नाही?

भूषण दवाखान्यात बोलायला लागला तेव्हा सचिन औषधं आणायला गेला होता. सचिनने दाराशी काय ऐकलं हे भूषणला कोणीच सांगितलेलं नव्हतं. मी सहज विचारलं, शेवटचं काय आठवतंय?

"आपला कार्यक्रम चालला होता, धुळ्याला," तो म्हणाला. "मी वाजवतोय, पण पाय उचलेनात. लय पडत चालली. समोर मैदान रिकामं... एकटा सचिन उभा, कान देऊन. तो ऐकतोय म्हणून मी वाजवत राहिलो."

मला रडू आवरलं नाही. पॅनेलची जाडी विचारा, केळी पिकवायच्या गॅसचं गणित विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेन. याचं मात्र काहीच सांगता येत नाही... तेव्हाही नाही, आजही नाही. भूषण जिवंत आहे, एवढं खरं.