बिनलायसनचा सल्ला

अन्याय झाला तो माझ्या मावशीच्या थोरल्या मुलीवर. १९६३ साली, जुलैच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी पावणेबाराला, यवतमाळात, नोकरी नोंदणीच्या कचेरीच्या पायरीवर. कोणी केला तेही सांगणार आहे. पाठीशी कोणालाच घालणार नाही.

ताई राळेगावची. नवरा वारल्यावर तिनं मॅट्रिकचा अभ्यास सुरू केला. दिवसभर शेतात निंदण करायची आणि घरी आली की पुस्तक उघडायची. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. कचेरीत नाव नोंदवून चार वर्षं होत आली होती, कार्डाच्या घड्या फाटल्या होत्या. त्या सोमवारी तिला तीस वर्षं पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. तीस झाली की सरकारी नोकरीचं दार बंद.

मी तेव्हा बावीसचा. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत ज्या पोरांना लिहिता येत होतं, त्यांनी गप्प बसायचं नाही असं ठरवलं होतं. मी पत्रकं काढायचो. सकाळी त्या पायरीवर बसून खेड्यांतून आलेल्या आमच्या लोकांचे फॉर्म फुकट भरून द्यायचो, कोणती जागा धरावी तेही सांगायचो. समोर कडुनिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत, गावातल्या जुन्या कारकुनी घरातले. त्यांच्याकडं सरकारी लायसन होतं, परीक्षा देऊन मिळवलेलं. प्रत्येक अर्जाखाली त्यांना स्वतःचं नाव आणि लायसनचा नंबर घालावा लागे. गरिबाला चार ओळी लिहून द्यायला लायसन कशाला, असं पत्रक मी त्यांच्यावर काढलं होतं. त्यांनी ते वाचलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि परत पाठवलं.

तर त्या सोमवारी ताई कचेरीतून बाहेर आली. आतल्या बाबूनं सांगितलं होतं की दोन ठिकाणांहून मागणी आली आहे, पण नाव एकाच ठिकाणी जाईल. कुठं पाठवू ते विचार करून सांग.

"एक शाळामास्तरणीची हाय, जिल्हा परिषदेची, पांढरकवड्याच्या पल्याड. एक इथंच, डाकघरातली," ती म्हणाली. "कोणती सांगू, बापू?"

"जंगलात कायले जातं? डाकघरात बस पंख्याखाली."

"अन वयाचं? तिथं पंचवीस लिहिलं हाय."

मी हसलो. आपल्याला पाच वर्षं सूट आहे म्हणालो, फक्त बौद्ध असं ठासून लिही. ती पेन धरून थांबली, तेव्हा तिच्या हातातला फॉर्म घेऊन मीच लिहिलं.

सूट होती, हे खोटं नव्हतं. राज्य सरकारनं बौद्धांना दिलेली, मी तो कागद वाचला होता, त्यावर पत्रकही छापलं होतं. पण डाकखातं दिल्लीचं. दिल्लीच्या लेखी आम्ही धर्म बदलला तिथंच सूट संपली. नोकरी कोणाची हे आधी विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढं दर बाजाराच्या दिवशी ती एसटीनं यायची. पत्र आलं का, कधी येईल. मी म्हणायचो येऊन राह्यलं. मग एक दिवस पुसदचा एक मुलगा पायरीवर आला. त्याला रेल्वेनं, म्हणजे दिल्लीनंच, याच कारणानं परत पाठवलं होतं. त्याचं पत्र वाचताना कळलं, ताईचंही हेच होणार. शाळेच्या जागेसाठी नावं पाठवायची मुदत संपायला अजून चार दिवस होते. त्याच क्षणी उठून आत जायचं, बाबूला सांगायचं की चूक झाली, नाव बदला. त्यानं बदललं असतं की नाही, कोण जाणे. मी गेलोच नाही. ज्या बाबूवर मी तीन पत्रकं काढली, त्याच्यासमोर चूक कबूल करायची? खात्री करून घेतो, एकदोघांना विचारतो, असं स्वतःला सांगत राहिलो. पाय उचलला नाही. चार दिवस गेले.

ऑगस्टात पत्र आलं. वय जास्त. ताईला तीस होऊन आठवडा झाला होता.

ती पत्र घेऊन आली तसा मी आत जाऊन बाबूवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही नावं पाठवतो. सल्ला देणं आमचं काम नाही." बाहेर आलो तर अर्जनवीस ताईचं पत्र वाचत होते. त्यांनी तिलाच सांगितलं, माझ्याकडं न बघता, की बाई, परिषदेची शाळा म्हणजे राज्याची नोकरी, तिथं तुमचं बौद्ध चाललं असतं.

ताईनं पत्राची घडी केली. मग मला विचारलं, रागानं नाही, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं.

"तुले इथं कोणी बसवलं होतं रे, बापू?"

कोणीच नाही. मीच बसलो होतो.

या गावात सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागतो. रेडिओला लायसन लागतं. म्हशीवरून भांडण झालं तर त्याचा अर्ज लिहिणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. आणि एका बाईच्या पुढच्या तीस वर्षांचा सल्ला देणाऱ्याला काही लागत नाही, ना आत टेबलावर, ना बाहेर पायरीवर. माणूस तोच, वस्ती तीच, तरी धर्म बदलला म्हणून दिल्ली सूट काढून घेते, तो वेगळा झगडा आहे आणि तो मी लढणार आहे. पण त्याच्या आड मी लपणार नाही. दिल्लीचा नियम दिल्लीचा, ते चार दिवस माझे.

ताई या हंगामातही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते आहे.

मी एक अर्ज केला आहे. प्रत्येक नोंदणी कचेरीत सल्ला द्यायला शिकवलेला, परीक्षा दिलेला माणूस बसवा, फुकट, आणि जो सल्ला देईल त्याखाली त्यानं नाव आणि नंबर घालावा. अर्ज त्या म्हाताऱ्या अर्जनवीसांनी लिहिला आहे, खाली त्यांचा नंबर आहे, त्याच्याखाली माझं नाव. बाकी कागद कोरा आहे. या आणि सही करा. आणि तोवर तुमच्या दारात कोणी फॉर्म घेऊन आलं, नोकरी राज्याची की दिल्लीची हे तुम्हाला माहीत नसेल, तर तसं तोंडानं सांगा आणि पेन खाली ठेवा.