सुखदेवला न दिलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकालाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

बाभुळगावकडच्या आमच्या गावात आखाडा होता. वस्ताद वयानं थकलेले, पण जिद्दी. गरिबाघरच्या पहिलवानाचा खुराक आखाड्यानं पुरवायचा, हा त्यांचा नेम. त्यासाठी घरोघरून दूध, तूप, बदाम गोळा व्हायचे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या घरांतले तिघे जण त्यांनी मातीत उतरवले, तेव्हा गावात कुरबूर झाली. वस्ताद म्हणाले, "मातीले जात नसते. ज्याले पटत नसन त्यानं दूध देऊ नोको." बऱ्याच जणांनी दिलं. मीही दिलं — आमच्या म्हशीचं, रोज, स्वतःच्या हातानं.

त्या तिघांतला एक सुखदेव. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून संध्याकाळी यायचा. वजन माझ्याइतकंच. पहिल्या वर्षी मी त्याला पाडायचो — आणि किती मायेनं डाव समजावून सांगायचो! दुसऱ्या वर्षी त्यानं मला पाडलं. सगळ्यांदेखत, लागोपाठ तीनदा. मला उठवायला त्यानं हात पुढे केला. मी तो धरला, हसलोसुद्धा. पण आत काय झालं, सांगू? ज्याला मी दूध पाजलं, तो मला पाडतो — असं वाटलं.

यवतमाळला जिल्ह्याच्या निवडीच्या कुस्त्या होत्या. आमच्या वजनात आखाड्यातून एकच जाणार. वस्तादांनी सुखदेवचं नाव दिलं. तो नसेल तर माझं. वजनं दुपारी व्हायची होती, ती सकाळीच होणार असा निरोप आदल्या दिवशी आला. वस्ताद तापानं पडून होते. मला म्हणाले, "सुखदेवले सांगून ये."

मी निघालो. त्यांच्या वस्तीच्या विहिरीपर्यंत गेलो. तो अंगणात लंगोट वाळत घालत होता — दिसत होता मला. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मारली का? नाही. तसाच परतलो आणि वस्तादांना म्हणालो — सांगितलं त्याला.

दुसऱ्या दिवशी सुखदेव चालत यवतमाळला पोचला, तेव्हा वजनं आटोपली होती. त्याच्या जागी मी उतरलो. पहिल्याच कुस्तीत चीत झालो.

गावी परतल्यावर वस्तादांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "यानं तुले सांगतलं होतं ना?"

सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगतलं होतं. मीच इसरलो."

काहून म्हणाला असेल असं? मला खोटं पाडलं तर बाकीच्या दोघांनाही आखाडा बंद होईल, म्हणूनच. दुसरं काय असणार? पण बंद झालाच. कुरबूर करणाऱ्यांना आता तोंड मिळालं — एवढं दूध प्याले, अन् वेळेवर पोचता नाही आलं. महिन्याभरात घराघरातलं दूध थांबलं. वस्तादांनी समजावून पाहिलं, मग तेही गप्प झाले. तिघे पुन्हा मातीत उतरले नाहीत.

पाच-सहा वर्षांनी कळलं, सुखदेव यवतमाळला कापसाच्या जिनात कामाला आहे. सांगायचंच, असं ठरवून त्याच्या घरी गेलो. तो कामावरून यायचा होता. बायकोनं चहा दिला. मी आखाड्यातला, हे कळताच ती बोलू लागली. "तुमी लोकाईनं एवढं केलं, अन् हे साधी येळ इसरले. मी अजूनई बोलते त्याईले."

म्हणजे — घरीसुद्धा त्यानं तेच सांगितलं होतं.

एवढ्यात तो दारात आला. केसांवर, भुवयांवर कापूस. मी बोलायला तोंड उघडलं. आणि म्हणालो, "हो वहिनी, इसरला होता तो."

त्यानं मान खाली घातली आणि हातपाय धुवायला मागे गेला. मी चहा संपवला, निघालो.

पुन्हा गेलो नाही. तो वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.